परिपत्रक दिसतंय, पण वाचता येतंय का? विद्यापीठात हमखास होणाऱ्या चुका

परीक्षेच्या परिपत्रकाचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. ते संगणकावर टाइप होतं, छापून साहेबांच्या टेबलावर जातं, सही आणि गोल शिक्का घेऊन स्कॅनरवर येतं आणि पीडीएफ होऊन संकेतस्थळावर चढतं. हातात चांगला मजकूर असताना आपण मुलांना त्याचा फोटो देतो. अंध विद्यार्थी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, ती फाइल उघडतो तेव्हा त्याच्या लेखी पान कोरं असतं.

सही-शिक्क्याची प्रत दप्तरी ठेवा. संकेतस्थळावर टाइप केलेली प्रत टाका आणि सहीच्या जागी ‘सही/-’ लिहा. जुने स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडले तर देवनागरी मजकूर चित्रातून बऱ्यापैकी सुटा होतो. तारखा मात्र मूळ कागदाशी ताडून घ्या, १ आणि ९ ची गल्लत होऊ शकते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. कितीतरी कार्यालयांत अजून कृतीदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. पडद्यावर सुबक ‘परीक्षा’ दिसतं, पण फाइलीच्या पोटात असतात आय, जे, एच, एक महिरपी कंस आणि दोन के, ही इंग्रजी चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतो. शोधयंत्रालाही ते पान सापडत नाही, म्हणजे डोळस मुलांचंही नुकसान होतंच. ओळखायचं कसं? एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला, तर फॉन्ट जुना आहे. मजकूर फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं फाइलीतही मराठीच राहतात अशा पद्धतीत, आणा, जोडाक्षरं आणि रफार एकदा वाचून घ्या आणि पुढचं टाइपिंग युनिकोडमध्येच करा.

कधी कधी युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं फुटतात. म्हणून माझा आग्रह असा, की सूचना थेट वेबपानावर मजकूर म्हणून लिहा आणि पीडीएफ हवी तर जोडीला ठेवा.

‘असा एकच मुलगा आहे, त्याला फोनवर सांगू की,’ हे उत्तर मी अनेक टेबलांवर ऐकलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. त्याच कायद्याचं कलम ४२ सगळ्यांना वापरता येईल अशा स्वरूपातल्या मजकुराबद्दल बोलतं. शिवाय फोन करणारे बाबू रजेवर गेले, की मग काय?

नोट्स तयार करताना ओळ ठळक केली, अक्षर मोठं केलं, की शीर्षक झालं असं वाटतं. तसं होत नाही. वर्डमधल्या ‘हेडिंग’ शैली वापरा. एनव्हीडीएत वेबपानावर किंवा नीट बांधलेल्या पीडीएफमध्ये एच ही कळ दाबली की वाचणारा एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. शैली नसतील तर चाळीस पानांत चौथं प्रकरण गाठायला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. आणि पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून जाऊ नका, ‘सेव्ह ॲज’ने करा, प्रिंटच्या वाटेने ही रचना सहसा गळून पडते.

वेळापत्रकात स्पेस देऊन रकाने पाडू नका, खरा तक्ता घाला, आणि चौकटी एकमेकींत विलीन करायचा मोह आवरा. ‘लाल रंगातले पेपर पुढे ढकलले आहेत’ हे वाक्य तर रंगांधळ्या मुलालाही उपयोगाचं नाही. त्या पेपरापुढे ‘पुढे ढकलला’ असं लिहा. फिक्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं नकोत, साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक लागतो. दहा ठिकाणी ‘इथे क्लिक करा’ नको. स्क्रीन रीडर दुव्यांची यादी काढतो तेव्हा तेच तीन शब्द दहादा ऐकू येतात. ‘पुनर्मूल्यांकनाचा अर्ज’ असं लिहिलं तर काम होतं.

राहिले व्याख्यानांचे व्हिडिओ. आपोआप येणारी उपशीर्षकं (सबटायटल्स) तशीच सोडू नका, पारिभाषिक शब्दांची त्यांत वाट लागते. आणि फळ्याकडे बोट दाखवत ‘हे इथून असं इकडे जातं’ म्हणायची आपली सवय! त्याऐवजी ‘रक्त डाव्या जवनिकेतून महाधमनीत जातं’ म्हणा. मागच्या बाकावरचाही ऐकून लिहून घेईल.