राजा गेला, पण देश कधी बदलला? राजसत्तेविरुद्धच्या क्रांतीवर लिहिताना या चुका टाळा

राजाविरुद्धच्या लोकक्रांतीवर निबंध, भाषण किंवा लेख लिहायला घेतला की बहुतेकांची लेखणी एकाच चित्रापाशी थांबते. चौकात उसळलेली गर्दी, फोडलेला दरवाजा, देश सोडून निघालेला राजा. चित्र खरं असतं, पण त्यातून देश कसा बदलला हे कळत नाही. जमीन कोणाच्या नावावर गेली, तंटा कोणासमोर जाऊ लागला, कर कोण ठरवू लागलं, सैन्याने कोणाच्या नावाने शपथ घेतली, या प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच क्रांती समजली असं मी मानतो. ती मिळत नसतील, तर बहुधा पुढीलपैकी एखादी चूक झालेली असते.

एकच तारीख धरून बसणं

१४ जुलै १७८९ ला पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा किल्ला घेतला. त्या दिवशी आत अवघे ७ कैदी होते. सोळावा लुई त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ गादीवर होता. राजेशाही रद्द झाली ती २१ सप्टेंबर १७९२ ला. फ्रान्सचा पाया हलला तो या दोन तारखांच्या मधल्या काळात. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरंजामी विशेषाधिकारांवर पाणी सोडलं गेलं. चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या ठरवून विक्रीला काढल्या गेल्या. १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ विभाग पाडले गेले. हे सगळं झालं तेव्हा राजा राजवाड्यातच होता.

इथे आणखी एक बारकावा सुटतो. ४ ऑगस्टला सगळी सरंजामी देणी, म्हणजे शेतकऱ्याने जमीनदाराला द्यायची देणी, संपली असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी देणी शेतकऱ्याने मोबदला भरून सोडवायची होती. मोबदल्याशिवाय ती रद्द झाली जुलै १७९३ मध्ये, आणि तोवर गावोगावचे शेतकरी ती द्यायला नकार देतच राहिले होते. कायदा शेतकऱ्याच्या मागून आला.

म्हणून कोणत्याही क्रांतीसाठी निदान तीन तारखा लिहून काढा: सत्ता हातातून निसटली तो दिवस, राजा अधिकृतपणे गेला तो दिवस, आणि नवे नियम लागू झाले तो दिवस. नेपाळमध्ये १९ दिवसांच्या जनआंदोलनानंतर २४ एप्रिल २००६ च्या रात्री राजे ज्ञानेंद्र यांनी संसद पुन्हा स्थापन केली. राजेशाही संपली २८ मे २००८ ला, संविधान सभेत ५६० विरुद्ध ४ मतांनी. नवं संविधान लागू झालं २० सप्टेंबर २०१५ ला. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत नऊ वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या मधल्या काळात पहिली संविधान सभा काम अर्धवट ठेवून विसर्जित झाली आणि संघराज्याच्या मागणीसाठी मधेस, म्हणजे दक्षिणेचा सपाट प्रदेश, पेटला. हा काळ वगळला, तर नेपाळची खरी गोष्टच वगळली जाते.

शेवटी जिंकलेल्यालाच क्रांतीचा कर्ता मानणं

‘लेनिनने झारला हटवलं’ हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. रशियाचा झार, म्हणजे सम्राट, दुसरा निकोलस १५ मार्च १९१७ ला पायउतार झाला, तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला होता. राजधानी पेत्रोग्राडमध्ये ८ मार्चला कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, इतर कामगार त्यांना येऊन मिळाले, आणि चारच दिवसांत शहरातल्या सैनिकांनी गोळ्या झाडायचं नाकारून बाजू बदलली. लेनिनच्या पक्षाने, म्हणजे बोल्शेविकांनी, नोव्हेंबरमध्ये उलथवलं ते झारनंतर आलेलं हंगामी सरकार.

तारखांचा गोंधळही इथेच होतो. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, तेरा दिवस मागे. त्यामुळे ‘फेब्रुवारी क्रांती’ मार्चमध्ये आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरमध्ये पडते. एकच दिनदर्शिका निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

आणि भुकेला एकमेव कारण करू नका. उपाशी प्रजा इतिहासात जागोजागी सापडते, कोसळलेली राजघराणी त्या मानाने थोडी. खजिना रिता होतो किंवा बंदूकधारी हुकूम मानेनासा होतो, तेव्हा राजा पडतो.

गर्दीची एकजूट म्हणजे एकमत समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबू या. १९७८ मधल्या इराणमध्ये शहाविरुद्ध, म्हणजे तिथल्या राजाविरुद्ध, कोण कोण होतं? बाजारातले व्यापारी, मशिदींतले मौलवी, विद्यापीठातली मुलं-मुली, डावे गट, राष्ट्रवादी उदारमतवादी आणि संपावर गेलेले तेल कामगार. ‘शहा नको’ यावर सगळे एक होते. काय हवं, हे प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं.

शहाने १६ जानेवारी १९७९ ला देश सोडला, १ फेब्रुवारीला शहाचे विरोधक धर्मगुरू खोमेनी परदेशातून परतले आणि ११ फेब्रुवारीला सैन्याने तटस्थता जाहीर करताच जुनी राजवट संपली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ८ मार्चला तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया हिजाबच्या सक्तीविरुद्ध उतरल्या. त्यांतल्या कित्येकजणी शहाविरुद्धच्या मोर्चांतही चालल्या होत्या. महिनाअखेरीस सार्वमत झालं. प्रश्न एकच होता: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? तिसरा पर्याय नव्हता.

मौलवींच्याच गटाची सरशी का झाली? शहाने राजकीय पक्ष आधीच चिरडले होते. १९७५ मध्ये तर एकच सरकारी पक्ष उरला होता. मशिदी मात्र प्रत्येक मोहल्ल्यात होत्या आणि त्यांना बंदी घालणं शक्य नव्हतं. राजा ज्या संघटना जिवंत सोडतो, त्यांच्याच हाती उद्याची सूत्रं जाण्याची शक्यता मोठी असते. कोणतीही क्रांती अभ्यासताना हे आधी तपासा.

शेजारी नेपाळ ठेवून पाहा. तिथे सात पक्ष आणि माओवादी यांनी आंदोलनाच्या आधीच, नोव्हेंबर २००५ मध्ये, १२ कलमी समझोता केला होता. राजाची निरंकुश सत्ता संपवायची आणि संविधान सभेची निवडणूक घ्यायची, एवढं तरी ठरलेलं होतं. भांडणं पुढेही झालीच, पण ती एका मान्य चौकटीत झाली.

राजघराणं परतलं म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं लिहिणं

नेपोलियननंतर १८१४ मध्ये फ्रान्समध्ये बूर्बाँ घराणं परत आलं. पण अठराव्या लुईला आपल्या सनदेत लिहून द्यावं लागलं, की क्रांतीच्या काळात विकल्या गेलेल्या जमिनी ज्यांच्या आहेत त्यांच्याच राहतील. विभाग राहिले, १८०४ ची नागरी संहिता राहिली. इंग्लंडमध्ये १६४९ ला राजाचं डोकं उडवलं गेलं आणि १६६० ला त्याचा मुलगा गादीवर आला. पण १६४१ मध्ये बंद पाडलेलं स्टार चेंबर हे राजाचं न्यायालय काही पुन्हा उघडलं नाही. चीनमध्ये शेवटचा सम्राट १९१२ मध्ये पायउतार झाल्यावर युआन शिकाईने १९१५ च्या अखेरीस स्वतःलाच सम्राट घोषित केलं. प्रांतामागून प्रांत उठले आणि मार्च १९१६ मध्ये त्याला ते मागे घ्यावं लागलं.

उठावाच्या नावावर विसंबणं

इजिप्तमध्ये २३ जुलै १९५२ ला राजा फारूकला हटवण्याची सुरुवात केली ती लष्करी अधिकाऱ्यांनी, जनतेने नव्हे. तरी त्याच सप्टेंबरमध्ये जमीनधारणेवर मर्यादा आली. इथिओपियात १९७४ ला आधी शिक्षक, टॅक्सीचालक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरमध्ये सम्राटाला पदच्युत केलं लष्करी समितीने. याला बंड म्हणायचं की क्रांती, यावर पानं खर्च करण्यापेक्षा जमिनीचं काय झालं ते लिहा: पुढच्याच वर्षी सगळी शेतजमीन सरकारजमा झाली.

‘जनता’ हा शब्द न तपासता वापरणं

ऑगस्ट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात माणसाचे आणि नागरिकाचे हक्क सांगितले आहेत. वसाहतींतली गुलामगिरी मात्र १७९४ ला रद्द झाली, १८०२ ला नेपोलियनने परत आणली आणि कायमची संपली १८४८ ला. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बायका व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि राजाला राजधानीत घेऊन आल्या. १७९१ ला लेखिका ऑलिम्प द गूजने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं गेलं. फ्रेंच स्त्रियांनी देशभरात पहिल्यांदा मत टाकलं ते २९ एप्रिल १९४५ ला.