पिकांचा नकाशा भरताना या चुका टाळा

अंबाजोगाईत स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना भूगोल शिकवतो. दरवर्षी तुकडी नवी, चुका जुन्याच. त्यातली एक तर डोक्यात जाते: ज्वारी दिसली की डोळे झाकून ‘खरीप पीक’.

मागे फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेत केजकडच्या एका पोरानं हेच लिहिलं. हाच पठ्ठ्या आदल्या आठवड्यात चार दिवस गायब होता. चिठ्ठीत कारण काय, तर ‘ज्वारी काढायला घरी जातो’. पेपर घ्यायला आला तेव्हा तळहाताला फोड होते, ताटं उपटून उपटून.

‘‘पेरली कधी होती रे?’’

‘‘घट बसायच्या सुमाराला, सर.’’

‘‘पाणी किती दिलं?’’

‘‘पाणी कुठलं, ओलीवरच येते की.’’

‘‘मग खरीप कशी?’’

‘‘नोट्समध्ये तसंच होतं.’’

आता काय बोलावं!

ज्वारी दोन्ही हंगामांत येते. पण बीड, धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर हा पट्टा रब्बीचा. कारण जमिनीत आहे. भारी काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते. सप्टेंबरचा पाऊस तिच्यात मुरला की पीक त्या ओलीवर आणि थंडीवर निघतं. खरिपाच्या ज्वारीला दाणा भरताना पाऊस गाठतो आणि ती काळी पडते. रब्बीची कोरड्या हवेत पिकते, म्हणून दाणा मोत्यासारखा. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी 35-1 आजही भाकरीसाठी मागतात, ती उगाच नाही. वैजापूर-गंगापूरकडच्या हलक्या जमिनीत मात्र ओल टिकत नाही, तिथं बाजरी. एवढं कळलं की जिल्ह्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत.

दुसरी खोड म्हणजे ‘भात म्हणजे पाऊस’. 100 सेंटिमीटरपेक्षा जास्त पाऊस, 25 अंशांच्या वर तापमान, हे सगळ्यांना पाठ. मग पंजाब नकाशातून वगळतात. तिथं भात कालव्यांवर आणि कूपनलिकांवर उभा आहे. भूजल इतकं खाली गेलं की 2009 मध्ये लवकर लावणी करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. यावर वर्गात कुणी हसलं की मी विचारतो, आपला ऊस तरी कुठं पावसावर येतो? कुठलंही पीक नकाशात घालण्याआधी मी दोनच गोष्टी बघतो: पाणी आभाळातून की जमिनीखालून, आणि पिकताना हवा कशी लागते. गव्हाला वाढताना 10 ते 15 अंश लागतात, पिकताना 21 ते 26. मार्च आधीच तापला तर दाणा चिमतो. 2022 साली तेच झालं आणि मे महिन्यात निर्यात थांबवावी लागली.

क्षेत्र, उत्पादन आणि उत्पादकता यांची खिचडी करू नका. उत्पादकता म्हणजे आपला उतारा. दहा एकरवाल्याच्या घरी पोती जास्त येतात. एकरी उतारा दोन एकरवाल्याचा चांगला असू शकतो. गव्हाच्या एकूण उत्पादनात उत्तर प्रदेश पुढे, उताऱ्यात पंजाब. ज्वारीच्या क्षेत्रात महाराष्ट्र पहिला, उताऱ्यात मागे, कारण बरीचशी कोरडवाहू.

भातासाठी अख्खा महाराष्ट्र रंगवू नका. मुख्य पट्टे म्हणजे कोकण, मावळ आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोली.

बाजरीत राजस्थान विसरू नका.

राज्यांचा क्रम मोबाइलवर फिरणाऱ्या ‘ट्रिक’वरून लिहू नका. तांदळात तेलंगण कुठून कुठं आलं, हे त्या ट्रिकला माहीत नसतं. परीक्षेआधी ताजा तक्ता मी हातानं उतरवून काढतो. झेरॉक्स काढलेला तक्ता कुणी वाचत नाही, मीसुद्धा नाही.

आणि सोयाबीन तेलबियांत. लातूरची पोरं ते कडधान्यांत टाकतात तेव्हा मी पेन खाली ठेवून चहा प्यायला जातो.