जुन्या हॉटेलात खोली मागताना

शहराच्या अगदी मध्यावर, शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीत, खिशाला परवडणारं हॉटेल सापडलं की लोक दर्शनी भागाचे फोटो बघून बुकिंग करून मोकळे होतात. नव्या हॉटेलात ते चालून जातं, तिथं खोल्या एका साच्याच्या असतात. जुन्यात एक खोली ऐसपैस, तर शेजारची अडगळीएवढी. म्हणून आधी फोन करा आणि चौकशी खोलीची करा.

बाथरूम खोलीत आहे की मजल्यावर सामायिक? 1908 साली एल्सवर्थ स्टॅटलर या हॉटेलमालकाने अमेरिकेतल्या बफेलोच्या हॉटेलात प्रत्येक खोलीला बाथरूम दिली, तेव्हा ती मोठी नवलाई होती. त्याआधीच्या इमारतींत ती बहुतेक मागाहून कोपऱ्यात घुसवलेली असते आणि मग बॅग पसरायलाही जागा उरत नाही. मी सामायिकच घेतो: खोली मोठी, भाडं कमी. किती खोल्यांत मिळून एक, तेवढं विचारून ठेवा.

खिडकी रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे? वारसा इमारतीच्या दर्शनी खिडक्या सहजासहजी बदलू देत नाहीत, त्यामुळे एकेरी काचेतून पहाटेच्या कचरागाड्या थेट उशाशी येतात. चौकाकडे उजेड कमी, पण झोप लागते.

आता लिफ्ट. माझी सगळी नोकरी लिफ्टच्या देखभालीत गेली, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार. जाळीच्या दाराची लिफ्ट हलली नाही तर लगेच मॅनेजरला हाका मारू नका. बाहेरचं आणि आतलं, दोन्ही दारं पुरती लागल्याशिवाय ती सुरूच होत नाही. तशीच रचना असते. उतरल्यावरही दोन्ही ओढून घ्या, नाहीतर ती तुमच्याच मजल्यावर अडकून पडते आणि खालचा माणूस बटण दाबत बसतो. जाळीतून बोटं बाहेर काढायची नाहीत, मुलांना तर आधीच बजावा. दोर तुटण्याची भीती मात्र सोडा. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस स्वतः पाळण्यावर उभा राहिला, दोर तोडायला लावला आणि त्या ब्रेकमुळे पाळणा जागीच थांबला. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट तळापासून आहे की अर्धा जिना चढल्यावर, आणि तुमची खोली मशीनरूमला, म्हणजे लिफ्टची मोटर असते त्या खोलीला, लागून तर नाही ना. मशीनरूम बहुधा सगळ्यात वर असते. रात्री कुणी उशिरा आलं की ब्रेकचा खटका भिंतीतून ऐकू येतो. मला तो आवडतो, माझ्या बायकोला नाही.

अमेरिकेत 'पहिला मजला' म्हणजे तळमजला, हेही गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

खोलीत प्लग मोजकेच असतात. चार्जर एकच, पण अनेक तोंडांचा न्या. जुन्या वायरिंगवर इस्त्री आणि किटली एकदम लावू नका. खोली गरम ठेवणारा वाफेचा, एकाच नळीचा रेडिएटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवलात की पाणी साचून तो रात्रभर ठोके देतो.

बॅग उघडण्याआधी गरम पाणी सोडून बघा. नळ बॉयलरपासून लांब असेल तर यायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. मग दाराबाहेर येऊन जिन्यापर्यंतची दारं मोजा, आग लागली तर धुरात दिसत नाही. खोली पटली नाही तर तेव्हाच खाली जाऊन बदलून मागा. अंथरूण विस्कटल्यावर सहसा कुणी बदलून देत नाही.