काशीची पंचतीर्थी कशी करावी

मोक्षदायिनी मानलेल्या सात पुऱ्यांमध्ये काशीचा मान वेगळा आहे, कारण येथे देह ठेवणाऱ्याच्या कानात स्वतः विश्वेश्वर तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. दोन-तीन दिवसांसाठी येऊन घरी परतणाऱ्या यात्रेकरूलाही करता येईल अशी पंचतीर्थी मात्र स्कंदपुराणातील काशीखंडाने सांगितली आहे. पाच तीर्थांवर स्नान करणाऱ्याला पुन्हा पंचमहाभूतांचा देह घ्यावा लागत नाही, असे तिचे फळ आहे.

असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका हा तिचा क्रम आहे. दशाश्वमेधाहून आदिकेशवाकडे जाताना मणिकर्णिका आणि पंचगंगा वाटेतच लागतात, म्हणून अनेक जण सोयीसाठी तेथेच उतरून क्रम मोडतात. तसे करू नये. दक्षिणेची असी आणि उत्तरेची, आदिकेशवाजवळची वरणा या दोन नद्या क्षेत्राच्या सीमा आहेत; त्या दोन्ही सीमांना स्पर्श करून मग मणिकर्णिकेवर विसावणे, यातच या यात्रेचा अर्थ आहे असे मला वाटते.

कार्तिक ते फाल्गुन हा काळ निवडावा. पावसाळ्यात गंगेला पूर आला की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. आदल्या दिवशी कालभैरवाचे दर्शन घ्यावे. तो काशीचा कोतवाल असल्याने त्याच्या अनुज्ञेनेच क्षेत्रात राहावे असा संकेत आहे. तीर्थोपाध्यायांशी संकल्प, तर्पण आणि दक्षिणा यांविषयी तेव्हाच स्पष्ट बोलून घ्यावे.

पहाटे असी घाटावर नाव ठरवताना 'आदिकेशवापर्यंत जाऊन परत मणिकर्णिकेला' असे नावाड्याला नीट सांगावे, कारण नेहमीच्या फेऱ्या इतक्या दूर जात नाहीत. आदिकेशव राजघाटाच्या पुलाच्याही पलीकडे आहे. काशीत गंगा उत्तरवाहिनी असल्यामुळे जाताना प्रवाह साथ देतो, येताना तो विरुद्ध असतो. परतीला अधिक वेळ धरावा.

असीचा प्रवाह आता वळवलेला असल्याने घाटावर संगम दिसत नाही, तरी पहिला संकल्प तेथेच करतात. दशाश्वमेधावर सूर्योदयापूर्वी पोहोचल्यास स्नान निवांत होते. आदिकेशवाजवळ वरणा गंगेला मिळते. तिचे पाणी आज फार मलिन झाले आहे, हे लिहिताना वाईट वाटते. तेथे बुडी न मारता मस्तकावर पाणी शिंपडून मार्जन करावे आणि पायऱ्या चढून केशवाचे दर्शन घ्यावे. वृद्धांनी आणि आजाऱ्यांनी एका ठिकाणी स्नान करून इतरत्र मार्जन केले तरी चालते.

पंचगंगेवर घाई करू नये. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा यांचा संगम येथे मानला जातो, आणि कार्तिकात येथे बांबूंच्या टोकांवर आकाशदिवे लावतात. घाटावरच्या बिंदुमाधवाच्या आजच्या मंदिराशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव जोडलेले आहे. शेजारच्या ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे गल्लीत एखादे वेळी आपली भाषा कानी पडते.

शेवटी मणिकर्णिका. येथील चक्रपुष्करिणी कुंड विष्णूने आपल्या चक्राने खणले आणि शंकराच्या कानातील मणी तेथे पडला, अशी कथा आहे. बाजूलाच अहोरात्र चिता जळत असतात. तेथे छायाचित्रे काढू नयेत, मोठ्याने बोलू नये. कोणाचा तरी पिता, कोणाची तरी आई तेथे अखेरचा निरोप घेत असते. स्नान व पितृतर्पण झाल्यावर थोडा वेळ पायरीवर शांत बसावे.

तेथून विश्वनाथाकडे पायी जाता येते. सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास बांधले. मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, म्हणून त्या मुक्कामीच ठेवाव्यात. विश्वनाथ आणि अन्नपूर्णा यांचे दर्शन झाले की पंचतीर्थी पूर्ण होते. गंगाजलाचा गडू मात्र घरी नेऊन गंगापूजन आणि मावंदे, म्हणजे यात्रेनंतरचे भोजन, होईपर्यंत फोडू नये.