पोस्टग्रेसचा कस्टम फॉरमॅट बॅकअप: या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप (डंप) काढणाऱ्या पीजी_डंप या साधनाला फॉरमॅट सांगितला नाही, की तो साधी एसक्यूएल फाइल काढतो. त्यातलं एकच टेबल परत हवं असेल, तर तेवढा भाग हाताने कापून काढावा लागतो. म्हणून कस्टम फॉरमॅटसाठी -एफसी द्या (मोठा एफ, छोटा सी). ही फाइल आपोआप दाबलेली असते, वर पुन्हा जीझिपने दाबून फारशी जागा वाचत नाही.

पहिली चूक: विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये आउटपुट > चिन्हाने फाइलमध्ये वळवणं. पॉवरशेल त्याला मजकूर समजून बाइट बदलतो आणि बॅकअप बाद होतो. फाइलचं नाव -एफ (छोटा एफ) ने द्या. धड कस्टम फाइलचे पहिले ५ बाइट 'पीजीडीएमपी' ही इंग्रजी अक्षरं असतात, शंका आली तर आधी तेच बघा.

सगळ्यात महाग पडणारी चूक तपासणीची. बॅकअप परत भरणाऱ्या पीजी_रिस्टोअरला -एल (छोटा एल) देऊन आत काय आहे याची यादी नीट दिसली, म्हणजे बॅकअप चांगला असं धरून चालू नका. यादी फाइलच्या सुरुवातीलाच असते. डिस्क भरून डंप अर्ध्यात तुटला, तरी ती पूर्ण दिसते. पीजी_रिस्टोअरचं आउटपुट /डेव्ह/नल मध्ये (लिनक्सवर आलेलं सगळं टाकून देणारी जागा) सोडा, म्हणजे शेवटपर्यंतचा डेटा वाचला जातो. आणि महिन्यातून एकदा तरी रिकाम्या डेटाबेसवर खरंच रिस्टोअर करून बघा, चूक येताच थांबवणारा -ई (छोटा ई) लावून. नाहीतर चूक आली तरी काम पुढे रेटलं जातं, आणि किती चुका झाल्या ते फक्त शेवटच्या ओळीत कळतं.

एकच टेबल आणताना टेबलाचं नाव सांगणारा -टी (छोटा टी) पुरेसा वाटतो, पण रिस्टोअरमध्ये तो टेबलाचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) आणत नाही. छोट्या एलची यादी फाइलमध्ये घ्या, नको त्या ओळींपुढे अर्धविराम टाका आणि ती मोठ्या एलने परत द्या.

'अनसपोर्टेड व्हर्जन इन फाइल हेडर' असं आलं, तर डंप नव्या पीजी_डंपने काढलाय आणि पीजी_रिस्टोअर जुना आहे. फाइल ठीक आहे, साधन नवं घ्या.

वेग हवा असेल तर अनेक कामं एकाच वेळी चालवणारा -जे (छोटा जे) रिस्टोअरला चालतो, पण फाइल डिस्कवर हवी, पाइपमधून नाही. डंपच समांतर काढायचा असेल तर कस्टम सोडा, डिरेक्टरी फॉरमॅट घ्या.

रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि त्यांचे पासवर्ड पीजी_डंपच्या कुठल्याच फॉरमॅटमध्ये येत नाहीत. पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्लीची फाइल दर वेळी शेजारी ठेवा.