छाटणीचा ढीग रिकाम्या प्लॉटवर टाकण्यापूर्वी

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाची छाटणी झाली, की नागपूरच्या बहुतेक ले-आऊटमध्ये फांद्यांचा ढीग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या काठी जाऊन पडतो. पाला आपोआप कुजेल असे आपण गृहीत धरतो. मात्र त्यातील काही झाडे कुजण्याऐवजी तिथेच मूळ धरतात.

म्हणून ढीग उचलण्यापूर्वी निवडून घ्यावा. कडुनिंब, आंबा यांचा वाळलेला पाला कंपोस्टच्या खड्ड्यात निर्धास्त घालावा. घाणेरी (आपली रायमुनिया), गाजर गवत, वेडेलिया आणि टाक्यातील जलपर्णी मात्र वेगळी ठेवावी. पिवळ्या फुलांसाठी आपण हौसेने आणलेल्या वेडेलियाला पेरापेरातून मुळे फुटतात, त्यामुळे तिचा वीतभर तुकडाही पुरेसा होतो. घाणेरीची फळे बुलबुल खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात.

ही झाडे घरच्या खड्ड्यात घालू नयेत. बी मरण्यासाठी ढिगाच्या आत 55 ते 60 अंश सेल्सिअस तापमान काही दिवस टिकावे लागते, आणि छोट्या खड्ड्यात ते सहसा चढत नाही. त्याऐवजी ही काढणी एप्रिलअखेर उरकून तुकडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत व गच्चीवर उन्हात चार ते सहा आठवडे, ठिसूळ होईपर्यंत, ठेवावेत. आपल्या मे महिन्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. गाजर गवत पावसात उगवते, तेव्हा ते फुलण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ढीग पेटवू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे.

नाल्यात तर काहीच टाकू नये, कारण तेथील पाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते. जलपर्णीचा थर दाटला की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. जंगलात घाणेरी माजली, की तिच्याखाली गवत वाढत नाही आणि चितळांचा चारा कमी होतो. कण्हेरीची छाटणी मोकाट गुरांच्या तोंडी लागेल अशा जागी मुळीच ठेवू नये. पाने वाळली तरी त्यांतील विष जात नाही.

माळ्याशी मजुरी ठरवतानाच छाटण कुठे टाकणार, हे विचारून घ्यावे. पूर्वीचा ढीग प्लॉटवर पडलेला असल्यास पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी तिथे चक्कर मारावी. माती ओली असताना कोवळी रोपे मुळासकट सहज निघतात.