सोडून गेलेल्या माणसावर गाणं कसं बांधावं

‘मन मोकळं कर, गाणं आपोआप येईल,’ हा सल्ला मी फार ऐकला आहे. मोकळ्या मनातून लांबलचक मेसेज येतात, रात्री-अपरात्री फोन होतात. गाणं बांधावं लागतं.

आधी एका बैठकीत सगळं गद्यात लिहून काढा, शिव्यांसकट. यमक नको.

मग मुखडा, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा परतून येणारी पहिली ओळ. खरं काम इथे आहे. माझीही गाणी बराच काळ इथेच अडायची. लिहिलेल्या पानांवर ज्या ओळींत हृदय, अश्रू, एकाकी असे शब्द असतील त्या खोडा. आरोपही खोडा. ‘तू मला टाकून गेलास’ हे खरं असेल, पण ते ऐकताच माणूस पंच होऊन बसतो आणि दुसरी बाजू विचारू लागतो. खोडून उरेल ती एखादी रोजच्या वापरातली वस्तू, एखादा व्यवहार. ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहाच्या गाण्यात, विरहिणीला चंदनाची चोळी पोळते. ताप नेमका कशाने होतो ते दिसतं. तेवढं नेमकं हवं.

समजा, दोघांत निम्मं वाटलेलं भाडं आता एकटीच्या पगारातून जातंय. राग तिथे आहे ना, मग ओळही तिथूनच घ्या:

खोली तीच नि भाडं दुप्पट

मात्रा मोजा. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची १, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराची २. ‘दुप्पट’मधला ‘दु’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू. एकूण १६. केरवा ताल ८ मात्रांचा, म्हणजे त्याची बरोबर दोन आवर्तनं. टाळी देऊन म्हणा: पहिल्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘खोली’ येते, दुसऱ्या समेवर ‘भाडं’. बोचणारा शब्द समेवर आलाच पाहिजे. तिथे ‘नि’ किंवा ‘तर’ येऊन बसला तर चालीशी झटापट करू नका, ओळ फिरवा.

आणि ‘दुःख म्हणजे शिवरंजनी’ हे कृपा करून ऐकू नका. भूप रागाचे स्वर सा रे ग प ध; शिवरंजनी रागात तेच, फक्त गंधार (ग) कोमल. मुखडा आधी भूपात म्हणून पाहा. शुद्ध गंधारावरही तो बोचला तर शब्द पक्के आहेत, मग हवा तो राग घ्या. नाही बोचला तर मुखडा बदला. कोमल गंधाराखाली कच्चे शब्द झाकले जातात, सुधारत नाहीत.

अंतरे, म्हणजे मुखड्यानंतरची कडवी, दोन पुरेत. प्रत्येकाची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकाची, आणि परतताना मुखड्याचा अर्थ थोडा सरकायला हवा. ‘वाऱ्याची ही दारी खटपट’ म्हणून ‘खोली तीच’वर आलात की भाड्याचा हिशेब मागे पडतो आणि कुणाच्या तरी पावलांची वाट पाहणं पुढे येतं. हे वळण दुसऱ्या अंतऱ्यासाठी राखून ठेवा.

क्षमेचा अंतरा जोडू नका. मनात क्षमा नसेल तर ती गळ्यातही खोटी वाटते.

फोनवर रेकॉर्ड करा, आठवडाभर ऐकू नका, मग जीभ अडखळते ते शब्द बदला. आणि ज्याच्यावर गाणं आहे त्याला पाठवू नका. त्याचं उत्तर आलं, की पुढची ओळ तुम्ही त्याला पटवण्यासाठी लिहू लागता.